आत्यानं हलकी केलेली यादी

माझी आत्या नर्स होती. आधी धारणीकडच्या उपकेंद्रावर, मग बरीच वर्षं भातकुलीच्या बाजूला आणि शेवटी अकोल्यात, अशी तिची नोकरी झाली. लग्न तिनं केलं नाही. रिटायर झाल्यावर अकोल्यातच दोन खोल्यांचं घर घेऊन राहिली. मी अमरावतीत एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅम लिहायचं काम करते. महिन्यातून एखाद्या रविवारी मूर्तिजापूरवरून जाणारी एसटी पकडून मी तिच्याकडे जायची, ती मला आळणाचं बेसन आणि भाकर करून घालायची, आणि मग आम्ही बोलत बसायचो. बोलायची मुख्यतः तीच.

तिच्या बोलण्यात दवाखान्यातल्या बाया असायच्या. ती म्हणे, "आपल्याकडच्या बाया 'दुखते' असं नुसतं सांगतच नाहीत वो. भोंड आली म्हंतीन, उसण भरली म्हंतीन, सणक उठली म्हंतीन. प्रत्येक शब्दाचा अर्थ वेगळा. डॉक्टर नवा असला की मले विचारे, सिस्टर, ही बाई काय म्हणते? मग मी सांगो." असे शब्द तिच्याकडे किती होते याचा मला अंदाज नव्हता. कापूस वेचून वेचून बोटांच्या पेरांना जे होतं, त्याला एक शब्द होता. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, त्याला एक होता. धारणीकडच्या कोरकू बायांकडून घेतलेले वेगळेच. काही तिनं औषधांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर लिहून ठेवले होते, बाकीचे डोक्यात.

एकदा मी सहज म्हटलं, "आत्या, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये टाकून ठेवू या का?"

"मले येते का त्यातलं काही?"

"शिकवते ना मी."

आमच्या ऑफिसनं जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा त्यातला एक मी मागून घेतला आणि तिच्या पुढच्या खोलीत लावून दिला. मराठी टाइप करायला ती माझ्या अपेक्षेपेक्षा फार लवकर शिकली. मग मी तिच्यासाठी एक छोटासा प्रोग्रॅम केला. ज्या साधनात केला त्यात पडदा हातानं मांडायचा असतो. बटण हवं तर बटण ओढून आणायचं, लिहायला चौकट हवी तर चौकट, यादी हवी तर यादीचा डबा. एका दुपारीत काहीतरी उभं राहतं. डाव्या बाजूला शब्दांची यादी, उजवीकडे अर्थ, आणि खाली एक बटण. ते दाबलं की त्या बाईचा आवाज ऐकू येणार. आवाजाची कल्पना आत्याची. "नुसता शब्द लिहून काय होते," ती म्हणाली, "तो म्हणायची तऱ्हा पाहिजे."

पुठ्ठ्यांवरचे शब्द तिनं पहिल्या काही महिन्यांत टाकून संपवले. त्या वेळी मी त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर अमरावतीला आणली होती. मग ती मोबाइल घेऊन निघाली. ज्या गावांत नोकरी केली तिथं एसटीनं, जीपनं, मिळेल त्यानं जायची, ओळखीच्या म्हाताऱ्या बायांजवळ बसायची, त्यांना बोलतं करायची आणि घरी येऊन आवाज कॉम्प्युटरवर चढवायची. मोबाइल भरला की त्यातलं पुसून टाकायची. सत्तरीकडे झुकलेली बाई, पण तेवढ्या काळात मी तिला जितकं आनंदात पाहिलं तितकं नोकरीच्या काळातही पाहिलं नव्हतं. फोनवर म्हणे, "आज लय मोठा माल सापडला."

मधे ऑफिसच्या कामामुळे माझं जाणं कमी झालं. बऱ्याच दिवसांनी अकोल्याला एका लग्नाला गेले आणि तिच्याकडे मुक्काम केला. सकाळी चहा पिताना तिनं कॉम्प्युटर लावला आणि प्रोग्रॅमवर टिचकी मारून ती उठून गेली. तिनं भाजी चिरली, कढईत फोडणी घातली. पडद्यावर नुसती पांढरी खिडकी. वर लिहून आलेलं की प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही.

"आत्या, हे अडकलं."

"अडकलं नाही. तसंच करते ते. पोळ्या होईस्तोवर येते."

"रोज असंच होतं?"

"आधी नव्हतं होत. शब्द वाढले तसतसं जड झालं. माणसाचंही होतेच ना तसं."

पोळ्या होत आल्या तेव्हा यादी आली. काय चाललंय ते मला बसल्या जागी कळलं. यादीचा तो डबा साधा असतो. त्यात एक ओळ टाकली की तो ती लावतो आणि सगळं चित्र नव्यानं काढतो, पुढची ओळ टाकली की पुन्हा काढतो. त्यात प्रत्येक शब्दापुढे आवाज किती लांबीचा आहे ते दाखवायची माझी हौस होती, त्यासाठी प्रोग्रॅम दर वेळी आवाजाची एकेक फाइल उघडून मोजून बंद करत होता. जुना कॉम्प्युटर, जुनी डिस्क. मोजके शब्द असताना हे लक्षातही येत नाही. हजारोंवर गेल्यावर आत्यासारखी पोळ्या लाटत बसायची वेळ येते.

"तू मला सांगायचं ना," मी म्हटलं.

"तुले तुझी कामं. कायले तरास द्यायचा?"

"मी नीट करून देते. थोडे दिवस थांब."

"थांबतो की," ती म्हणाली.

पुढचे काही रविवार मी ते घेऊन बसले. हे काम मला मनापासून आवडलं होतं, ते लपवून काय उपयोग? ऑफिसमध्ये खतांच्या दुकानांची बिलं आणि शाळांच्या फिया यांच्यात दिवस जायचे. इथं एक खरी अडचण होती आणि तिच्या टोकाला माझं माणूस होतं. आधी मी यादी भरेपर्यंत चित्र काढणं थांबवलं. फरक पडला, पुरेसा नाही. मग आवाजांची लांबी एकदाच मोजून लिहून ठेवायची सोय केली. आणखी फरक पडला. शेवटी यादी भरायचंच सोडून दिलं. पडद्यावर एका वेळी मावतात त्या ओळी किती थोड्या असतात! बाकीच्या हजारो ओळी कोणी बघत नसताना आणायच्याच कशाला? यादीला फक्त एवढंच सांगायचं की एकूण शब्द इतके आहेत. ती स्वतः, जेवढं दिसतंय तेवढंच मागून घेते. खाली सरकलं की खालचं मागते. पहिलं अक्षर टाइप केलं की थेट तिथं जाते.

हे तपासायला लांब यादी हवी होती. माझ्याकडे पेनड्राइव्हवर पुठ्ठ्यांच्या काळातली ती जुनी प्रत होती. तीच मी पुन्हा पुन्हा जोडत गेले आणि खोटी, लांबलचक यादी तयार केली. तेच ते शब्द, हजारो ओळी. आत्याकडे जाऊन खरी यादी आणता आली असती. दोन-अडीच तासांचा तर रस्ता. पण खोटीनं काम होत होतं, आणि मला पूर्ण झालेली वस्तूच घेऊन तिच्यासमोर जायचं होतं. या एका गोष्टीपाशी मी अजूनही पुन्हा पुन्हा येऊन थांबते.

नवा प्रोग्रॅम झाला तसा रविवारी सकाळच्या एसटीनं मी निघाले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून तिच्यासाठी संत्री घेतली. इतकी खूश होते मी.

आत्या दारातच होती. मी चपला काढायच्या आतच म्हणाली, "ये, तुले गंमत दाखवतो."

तिनं कॉम्प्युटर लावला, प्रोग्रॅमवर टिचकी मारली, आणि जुन्याच प्रोग्रॅममध्ये यादी लगेच आली. अगदी डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात नाही, पण आली. ती माझ्याकडे वळून बघत होती, लहान पोरीनं बक्षीस दाखवावं तशी.

"हे कसं झालं?" मी विचारलं. मला खरंच कळेना.

"त्या पोरानं सांगतलं, कॉम्प्युटरची वायर बदलून द्यायले आला होता तो. दुकानातला. म्हणे, मावशी, यात डेटा लय झाला, म्हणून दम खाते. अर्धा कमी करा, पळते. मी म्हटलं, तू तिकडं रविवारी बसून राहिली माझ्यासाठी, मीच उलसं हलकं करून टाकतो."

मी खुर्चीवर बसले आणि यादी खाली सरकवायला लागले. ती फारच लवकर संपली.

"कोणते काढले, आत्या?"

"असे-तसे नाही काढले," ती म्हणाली. तिच्या आवाजात नर्सची काटेकोर सवय होती, जुनी औषधं निवडून फेकायची. "पंधरा दिवस बसून, एकेक पाहून काढले. जे शब्द सगळेच बोलतात ते ठेवले. जे आता कोणीच बोलत नाही ते काढले. ते कोणाले लागतीन? आणि ज्या बुढ्या गेल्या त्यांचे."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ती गॅस बंद करून परत आली तेव्हा मी तशीच बसलेली होते.

"काय झालं?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. म्हटलं, हा नवा प्रोग्रॅम. त्यात कितीही शब्द असले तरी चालतं, लाख असले तरी चालतं. बोलता बोलताच मला कळलं की हे बोलायला नको होतं, पण वाक्य निघून गेलं होतं.

आत्या हुशार बाई. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे काढायची गरज नव्हती?"

"नव्हती."

ती पलंगाच्या कडेला बसली. पदरानं तिनं हात पुसले. हात कोरडेच होते. मग म्हणाली, "बरं. चाल, जेवून घे." त्या दिवशी तिनं ताटात काय वाढलं होतं ते मला आठवत नाही.

दुपारभर मी त्या कॉम्प्युटरपुढे बसले. प्रोग्रॅममधून शब्द काढला की त्याच्याबरोबर त्याचा आवाजही जायचा, आणि कचऱ्याच्या टोपलीत न पडता थेट पुसला जायचा. तशी व्यवस्था मीच केली होती, तिच्या टोपलीत पसारा नको म्हणून. जुन्या प्रतीतून पुठ्ठ्यांवरचे शब्द मी परत घातले. ते बरेचसे तिनं ठेवलेलेच होते, आधीपासून सगळ्यांच्या तोंडी असलेले. तिच्या फिरण्यातले, तिचा तो मोठा माल, तोच गेला होता.

डिस्क मी काढून अमरावतीला नेली. पुसलेल्या फाइली परत आणणारे प्रोग्रॅम असतात, ते चालवून पाहिले. शब्दांचं काहीच आलं नाही. आवाजांचे काही तुकडे आले, नाव नसलेले, मधूनच तुटलेले. मी हेडफोन लावून ते ऐकत बसायची. एकात शेळी ओरडत होती आणि एक बाई हसत म्हणत होती, "आता ते कोण म्हंते वो सिस्टर? आमची सासू म्हणे." मग घरघर, आणि संपलं. सासू काय म्हणायची ते घरघरीत गेलं. दुसऱ्या एका तुकड्यात आत्याचाच आवाज होता: "पुन्हा एकदा सांग बरं, मोठ्यानं." त्याच्यापुढे काही नव्हतं.

एवढं सांगून मी आत्याला म्हटलं की आपण पुन्हा जाऊ, मी येते सोबत, पुन्हा विचारू. ती लगेच तयार झाली नाही. मी आग्रह केला तेव्हा म्हणाली, "चाल बाई."

भातकुलीच्या पुढे एका गावात गेलो. तिथल्या ज्या बुढीकडून तिनं सगळ्यांत जास्त शब्द घेतले होते, तिचं घर तिनं रस्ता न विचारता काढलं. बुढी त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेली होती. हे आत्याला माहीत होतं, म्हणूनच तर तिचे शब्द काढले होते. सुनेनं आम्हाला बसायला चटई टाकली, चहा ठेवला. आत्यानं विचारलं, "कापूस वेचून बोटाचे पेर दुखतात ना, त्याले तुही सासू काय म्हणे?"

सुनेनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचार केला. खरोखर विचार केला तिनं.

"म्हणत होती काहीतरी. आमी तं बोटं दुखून राहिले म्हंतो, सिस्टर."

"आठवून पाय."

"नाई आठवत. तुमालेच सांगतलं होतं ना तिनं? त्या मोबाइलात?"

आत्यालाही तो आठवत नव्हता. मला तर तिनं तो शब्द एकदा जेवताना सांगितलाही होता, भाकरीचा तुकडा मोडता मोडता. मी हूं म्हणून पुढे गेले होते. सगळं कॉम्प्युटरमध्ये जातंय म्हटल्यावर डोक्यात कोण ठेवतो?

परतीच्या एसटीत ती खिडकीला टेकून बसली होती. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "तू उगाच मनाले लावून घेतलं."

"तुला नाही वाटत काही?"

"वाटते ना. पण दवाखान्यात एवढी वर्षं काढली. गेलं ते गेलं म्हणायची सवय आहे मले." खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "त्या पोराले काही बोलू नको. त्यानं चांगल्यासाठीच सांगतलं."

मी त्याला काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. माझ्या ऑफिसमध्ये कोणी गिऱ्हाईक असंच सांगत आलं असतं, की यादी उघडायला वेळ लागतो, तर कामाच्या घाईत आमच्यापैकी कोणीही हेच म्हणालं असतं: जुनं काढून टाका.

त्यानंतर आत्यानं शब्द टाकणं हळूहळू सोडून दिलं. मी विचारलं की म्हणायची, डोळ्यांतून पाणी येते, गुडघे दुखतात, एसटीत चढवत नाही. हे सगळं खरं होतं, आणि आदल्या वर्षीही खरं होतं. कॉम्प्युटरवर तिनं विणलेला रुमाल घातला. मी गेले की ती मुद्दाम तो रुमाल काढायची, प्रोग्रॅम लावून दाखवायची. माझा नवा प्रोग्रॅम खरोखर विजेसारखा उघडतो. पण उरलेल्या एवढ्याशा यादीला तर जुनाही पुरला असता.

कधी वाटतं, तिनं विचारलं तेव्हा "नव्हती" असं सरळ म्हणायला नको होतं. "बरं झालं, हलकं केलंस" म्हटलं असतं तर कदाचित ती पुन्हा मोबाइल घेऊन निघाली असती आणि थोडंबहुत परत आलं असतं. आणि कधी वाटतं, तिला खोटं सांगून मी पुढे तिच्या घरी कशी जेवले असते?

या हिवाळ्यात एका दुपारी ऑफिसमध्ये तिचा फोन आला. ती एरवी कामाच्या वेळात करत नाही. मी घाबरून उचलला.

"एक आठवला वो," ती म्हणाली. आवाज एकदम जुना, फिरतीवरचा. "ताप उतरल्यावर माणूस पहिल्यांदा उभं राहते, तेव्हा पाय कसे आपले नसल्यासारखे होतात? त्याले. धारणीच्या बाजूचा आहे." आणि तिनं तो शब्द सांगितला. मी दोनदा म्हणून घेतला, आणि माझ्याकडच्या प्रतीत तिथंच लिहून टाकला, अर्थासकट. आवाजाची जागा रिकामी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. आता आवाज उतरलेला होता. "तो काढून टाक बाई. रातभर विचार केला. मले वाटते तो त्याचा नाही, दुसऱ्या कशाचा आहे. का मीच जोडला, काय माहीत. चुकीचं नको."

"बरं," मी म्हटलं.

काढला मात्र नाही. तिला खात्री नाही म्हणून तो शब्द इथं लिहीतही नाही. पण यादीत तो आहे, आणि मी तो तिला न सांगता ठेवला आहे.